चपला काढून बसायची गाडी

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत कृष्णातची गाडी हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता, आणि थट्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी साळसूद समजू नये.

कृष्णात मूळचा कोल्हापूरकडचा, तळोज्याला एका कारखान्यात सुपरवायझर. बायको मनस्वी उरणची, त्याच कारखान्याच्या ऑफिसात होती. तिथंच दोघांचं जमलं. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. चार वर्षांपूर्वी त्याने पांढरी गाडी घेतली आणि तळहाताच्या फोडासारखी जपली. तळोज्याच्या हवेने रंग जाईल म्हणून स्वतः कंपनीच्या बसने जायचा. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक कधी निघालंच नाही. आणि आत बसायचं ते चपला काढून, हातात घेऊन.

"काय रे, आत देव बसवलाय का?" मी विचारायचे. तो हसायचा, मनस्वीही हसायची. एका दसऱ्याला ती बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला गेली, तर त्याने तिचा हात धरला. "डाग पडतोय बघ." तेव्हा मात्र ती हसली नाही.

लग्नाला सहा वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस गेले. दोन डॉक्टर, तीन उपास आणि आईचे नवस झाल्यावर. मला सांगताना पोर रडली होती. पाचवा महिना लागला आणि एका रविवारी दुपारी तिने माझं दार ठोठावलं.

"काकू, रक्त जातंय."

कृष्णात किल्ली घेऊन खाली धावला. लिफ्ट बंद होती. मी तिला धरून दोन जिने उतरवलं. पार्किंगमध्ये येऊन बघते, तर हा गाडीचं कव्हर काढून त्याची घडी घालतोय. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"अरे, फेक ते!" मी ओरडले.

"झालंच काकू."

मग डिकीतून जुनी चादर काढून त्याने सीटवर अंथरली. आधीच प्लास्टिक असलेल्या सीटवर! कडा नीट खोचल्या. मनस्वी बघत होती. मी रिक्षा बघायला वळणार, तेवढ्यात ती दाराशी थांबली, एका हाताने पोट धरलं आणि चपला काढल्या. जित्याची खोड म्हणतात ना, तशी. फक्त ही खोड तिची नव्हती, त्याने लावलेली होती. वाकून उचलायचं त्राण तिच्यात नव्हतं, म्हणून चपला तिथेच राहिल्या. तो बघत होता. "राहू दे, घाल चपला" एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

बाळ गेलं. पाच-दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खरं आहे ते, म्हणून लिहिते. पण मनस्वीने ती मिनिटं मोजली नव्हती, पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. कृष्णातने गाडी हॉस्पिटलच्या दाराशी आणली. सीटवरचं प्लास्टिक त्याने ओरबाडून काढलं होतं. वरातीमागून घोडं. दार उघडून म्हणाला, "मनू, बस. तशीच बस."

तिच्या पायांत माझ्या चपला होत्या. ती त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मी इथे अनवाणी आले होते. तुम्हाला माहीत आहे ते."

तिची आई पलीकडून म्हणाली, "चल बाय, रिक्षा उबी हाय." दोघी उरणला गेल्या. तो मला म्हणाला, "काकू, तुम्ही तरी बसा." माझा संताप संताप झाला होता. मी अनवाणी चालत घरी आले.

तिला उरणला जाऊन चार महिने झाले. गाडी आता बाहेर रस्त्यावर धूळ खात उभी असते, आणि पार्किंगमध्ये भिंतीशी तिच्या चपला आहेत. तो रोज त्या पुसतो, गाडीच्याच फडक्याने. लोक म्हणतात, बिचारा. परवा मला म्हणाला, "काकू, तुमचं ती ऐकती. चपला न्यायला तरी येती का विचारा की."

मी मनस्वीला फोन केला.

"काकू, त्या मी गाडीसाठी काढल्या होत्या," ती म्हणाली. "गाडीलाच राहू देत."

मी त्याला ते जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायची माझी इच्छा नव्हती.