कोणत्या देशाचं लेकरू

मध्य प्रदेशातल्या राजेगावच्या पुष्पलताबाई अंगणवाडीत खिचडी ढवळतानाही मोबाईल पदरात बांधून ठेवत. अश्विनचा फोन कधी येईल याचा नेम नव्हता.

अश्विन त्यांचा एकुलता एक. बालाघाटात कॉम्प्युटर शिकला आणि एका एजंटाच्या शब्दावर बँकॉकला नोकरीला म्हणून गेला. विमानतळावरूनच त्याला गाडीत घातलं, नदीपार शेजारच्या देशात नेलं आणि उंच भिंतींच्या आवारात डांबलं. पासपोर्टही काढून घेतला. पहिला फोन आला तेव्हा तो कुजबुजत होता.

"आई, हे आमच्याकडून फोनवर लोकाईले फसवून घेऊन राह्यले. नाही म्हटलं तं करंट देतेत."

"तू निघून ये ना, बाबू!"

"फाटकावर बंदूकवाले आहेत..." आणि फोन तुटला.

पुष्पलताबाई पोलीस ठाण्यात गेल्या. तिथला साहेब वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली. "अम्मा, वो दूसरे देश का मामला है," एवढंच म्हणाला. बालाघाटचे वकील नीळकंठराव यांनी त्या दोन्ही देशांच्या वकिलातींना फोन लावले. एक देश म्हणाला, तो भाग आमच्या ताब्यात नाही. दुसरा म्हणाला, तो मुलगा आता आमच्या हद्दीत नाही.

"म्हंजे माह्या पोराले मार बसून राह्यला, त्याले कोनीच जबाबदार नाही का?"

"बाई, माणसाचे हक्क सगळ्याच देशांनी मान्य केलेत," नीळकंठराव म्हणाले. "पाळायची वेळ आली की जो तो हद्द दाखवतो."

मग दर मंगळवारी पुष्पलताबाई कलेक्टर लोकांच्या तक्रारी ऐकतो त्या जनसुनवाईत उभ्या राहू लागल्या. नवरा चैतराम वैतागला, "लोक हसून राह्यले."

"हसू द्या."

थंडी सरता सरता त्या आवारावर धाड पडली. आपल्या लोकांना आणायला दिल्लीहून विमान गेलं. अश्विन गोंदिया स्टेशनवर उतरला, तेव्हा पुष्पलताबाईंनी आधी त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. मनगटांवर काळे डाग होते.

 घरी कोणी दार लावलं तरी तो दचके. एका दुपारी जेवताना आपणहून बोलला.

"माह्या बाजूले तेस्फाये झोपे. आफ्रिकेतला पोरगा. मले मार बसला का आपला भात मले दे. आमाले न्याले विमान आलं, त्याले न्याले कोनी नाही आलं. नदीकाठी तंबूत राह्यला तो."

"काहून नाही आलं?"

"कोनाले माहीत!"

 दुसऱ्या दिवशी पुष्पलताबाईंनी घराबाहेर न पडणाऱ्या अश्विनला बसमध्ये बसवलं आणि नीळकंठरावांकडे नेलं.

"त्या पोराच्या देशाच्या वकिलातीले फोन लावा."

"बाई, तुमचा मुलगा तर आला ना?"

"हौ, आला. पन त्या मायचा नाही आला."

अश्विनने त्या देशाचं नाव सांगितलं आणि फोन लागला. तो अडखळत इंग्रजीत बोलला. सोबत्याची सगळी हकिगत सांगितली. पलीकडच्या बाईनं तेस्फायेचं पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं, "बघते" म्हणून फोन ठेवला.

अजून काही कळलेलं नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या पुष्पलताबाई मधेच विचारतात, "तिकडं पाऊस लागला असन का रे? तंबू टिकन का?"