शंभर केबीत बसवलेलं प्रमाणपत्र

दारव्ह्यात माझा कम्प्युटर क्लास आहे. आठ बिटचा एक बाइट, एक हजार चोवीस बाइटचा एक केबी, तेवढ्याच केबीचा एक एमबी, हे मी मुलांकडून पाढ्यासारखं घोकून घेतो. खरं तर मला याची लाज वाटायला हवी.

भरतीचे फॉर्मही मी भरून देतो. फोटो पन्नास केबी, सही वीस, प्रमाणपत्र शंभरच्या आत. जरा जास्त झालं की संकेतस्थळ लाल अक्षरांत हाकलून लावतं. म्हणून आमची पद्धत ठरलेली. आकडा बसेपर्यंत फाइल दाबायची, बसला की सबमिट. उघडून कोण पाहतो? बाहेर रांग असते.

माझी मोठी बहीण खासगी दवाखान्यात नर्स. सरकारी भरतीसाठी वयाच्या हिशेबानं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. तिचं नोंदणी प्रमाणपत्र स्कॅन केलं तर साडेतीन एमबी भरलं. मी ते दाबत दाबत अठ्ठ्याण्णव केबीवर आणलं आणि स्वतःवरच खूश झालो.

ताई खुर्चीमागे उभी होती. "एक डाव उघडून पाह्य ना रे. नंबर वाचता येते का?"

"शंभरात बसलं ना? मंग झालं! तू मले शिकवून राह्यली का?"

मी सबमिट केलं. औषधाची प्रत्येक बाटली दोनदा वाचून मगच सुई भरणारी बाई, माझ्या भरवशावर घरी गेली.

परीक्षा ती पास झाली. पण कागदपत्रांच्या तपासणीत शेरा आला: प्रमाणपत्र अस्पष्ट, अर्ज बाद. तेव्हा मी ती फाइल पहिल्यांदा उघडली. नोंदणी क्रमांकाच्या जागी नुसता राखाडी डाग होता. ताई मूळ प्रमाणपत्र घेऊन कार्यालयात गेली. अपलोड केलेलंच धरलं जाईल, असं सांगून तिला परत पाठवलं.

संकेतस्थळाला मी मनसोक्त शिव्या घातल्या. माझ्या मोबाइलात वरातीच्या नाचांचे व्हिडिओ जीबीनं पडलेत, आणि तिच्या सगळ्या शिक्षणाला जागा शंभर केबी! पण शिव्यांनी माझं पाप धुतलं जात नाही. फाइल उघडायला एक क्लिक पुरलं असतं.

ताई मला एका शब्दानं बोलली नाही. राखीलाही आली.

यंदा भाचीचा फॉर्म होता. ताई तिला घेऊन माझ्या क्लासच्या दारावरून पुढे गेली आणि समोरच्या सेंटरवर बसली. मला इथून दिसत होतं. पडद्यावर प्रमाणपत्र उघडलेलं होतं, आणि ताई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती.