मशीनवरची जेमायमा

जेमायमा पेणकर रामल्यात राहायची आणि तेल अविवच्या एका कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. मुंबईहून आलेली मराठी ज्यू, विधवा, बेचाळीस वर्षांची, तोंडाची फटकळ. १९६३च्या उन्हाळ्यात तिचे पाय सुजले, अन्नाचा वास आला तरी उलटी व्हायला लागली. ऑक्टोबरात इस्पितळात रक्त तपासून डॉक्टर गिडियननं सांगितलं, "दोन्ही मूत्रपिंडं गेली."

"गेली? मला न विचारता?"

इस्पितळात कृत्रिम मूत्रपिंडाचं एकच मशीन होतं, आणि तेही ज्यांची मूत्रपिंडं आठ-दहा दिवस रुसून परत कामाला लागतील अशांसाठी राखलेलं. दर खेपेला नवी रक्तवाहिनी कापावी लागे, आणि माणसाच्या अंगात अशा जागा असून असून किती असणार! पण गिडियन अमेरिकेहून टेफ्लॉनच्या नळ्या घेऊन आला होता. त्या हातात कायमच्या बसवायच्या आणि आठवड्यातून दोनदा मशीनला जोडायच्या. माणूस असा किती वर्षं जगेल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मशीन तिला द्यायचं का, हे ठरवायला तीन साहेबांची समिती बसली. पहिल्यानं विचारलं, "तुमच्यावर अवलंबून कोण?"

"कोणी नाही. नवरा होता, तो आधीच सटकला."

"समाजाला तुमचा उपयोग काय?"

"तुमची कॉलर डावीकडे पाव इंच जास्त आहे. ती मी शिवली असती तर नसती." मग तिला राहवलं नाही. "माझ्या बहिणीच्या रूतीचं लग्न ठरलंय. इथले धर्मगुरू, हे रब्बी, म्हणतात, तुम्ही हिंदुस्थानातले, आधी पणजी ज्यू होती याचे कागद आणा. तुम्ही मूत्रपिंडापाशीच थांबलात, मोठी मेहेरबानी."

साहेब लोक खोकले. गिडियन म्हणाला, "मला मिलिमीटरचा हिशेब पाळणारं माणूस हवंय. हीच द्या." तीन महिन्यांची परवानगी मिळाली.

नोव्हेंबरात डाव्या हातात नळ्या बसल्या. रविवार आणि बुधवार, आठ-आठ तास ती पलंगावर पडून राहायची. तिचं रक्त एका डब्यातल्या सेलोफेनच्या वेटोळ्यातून फिरून परत अंगात यायचं आणि भोवतीच्या पिंपातलं पाणी त्यातली घाण शोषून घ्यायचं. मदतनीस त्या पाण्यात पिशवीनं मीठ ओतायचा. तिला मात्र मीठ बंद, मासे बंद, केळं बंद, पाणी दिवसाला दोन पेले.

"मला चिमूटभर नाही आणि ह्या पिंपाला पोतंभर! रोगी कोण आहे इथं?" ती ओरडायची.

नळीवरचं बँडेज घसरायचं म्हणून तिनं स्वतःच हुकांचा पट्टा शिवला. तीन महिने संपले. समितीतलं कोणी तिला हटवायला आलं नाही. हिंमत कोण करणार? शनिवार आणि मशीनचे दोन दिवस सोडले तर बाकीचे दिवस ती पुन्हा कॉलरी शिवू लागली.

१९६४च्या जुलैत रब्बींच्या ह्या कागदांविरुद्ध हिंदुस्थानातून आलेले आपले ज्यू लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, काहींनी उपोषण सुरू केलं. सोमवारी सकाळी जेमायमा बसमध्ये चढली. रूती मागे धावली, हिब्रूत ओरडत, "दोदा, तू आजारी आहेस!"

"आजारी आहे, मुकी नाही. आणि दोदा काय, मावशी म्हण, मराठीत बोल."

तिथं एका वार्ताहरानं विचारलं, "बाई, उपोषणाचा कितवा दिवस?"

"नोव्हेंबरपासून मोजा," ती म्हणाली आणि पट्टा सोडून नळी दाखवली. त्यानं फोटो काढला.

पण ऊन भयंकर होतं. कोणीतरी लिंबाचं सरबत आणलं. उपोषणवाले प्यायले नाहीत. जेमायमा एकामागून एक पाच पेले प्यायली. नऊ महिन्यांत इतकं सुख तिला मिळालं नव्हतं. रात्री ती घरी परतली, दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिला श्वास घेता येईना. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. रूतीनं अँब्युलन्स बोलावली, आणि बुधवारचा मशीनचा दिवस मंगळवारीच आला.

गिडियन मशीनशेजारी बसला होता, चेहरा पांढराफटक. ती डोळे उघडून बोलण्याजोगी झाली तेव्हा तो कडाडला, "मेला असतात! तुमच्याबरोबर सगळं संपलं असतं. ह्या देशात पुढे कोणालाही अशी नळी बसवायला कोणी दिली नसती, कळतंय?"

आपला जीव आपला, एवढंच जेमायमाला माहीत होतं. त्याला आणखी माणसं टांगलेली आहेत, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"सरबत चांगलं होतं हो," ती हळूच म्हणाली. "पुन्हा नाही पिणार."

ऑगस्टच्या अखेरीला रब्बींशी समेट झाला. रूतीचं लग्न मंगळवारी लागलं आणि जेमायमानं बिरड्याची फक्त वाटी हुंगली.

ऑक्टोबरात दुसरं मशीन आलं. पेपरातल्या फोटोमुळे की गिडियनच्या खटपटीमुळे, देव जाणे. त्यावर त्स्वी नावाचा शाळामास्तर आला, भीतीनं पार गळालेला. शेजारच्या पलंगावरून त्यानं विचारलं, "किती दिवस जगतं माणूस ह्याच्यावर?"

"अकरा महिने झाले मला," जेमायमा म्हणाली. "पुढचं आपण दोघं बघू. हात सरळ ठेव, नळी दुमडतेय."