उशिरा आलेलं रडू

पूर्ण्यात रेल्वेच्या रुळांवर काम करणारा सिद्धोधन मोठा बोलका माणूस. कामावरून आला, की चपला काढायच्या आधीच दिवसभराचं सांगायला लागायचा. आईबाप लवकर गेले; थोरल्या भावानं, दत्तरावानं त्याला वाढवलं. पण गेल्या वर्षी दत्तराव वारला तेव्हा सिद्धोधन भिंतीला टेकून नुसता बसला. डोळ्यांत टिपूस नाही. भावाच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवला आणि तिथंच आडवा झाला.

"पोटच्या लेकरावानी सांभाळलं, अन् दगड निघाला," भावजय मालनबाई त्याच्या बायकोला, सुकेशनीला म्हणाली. तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं.

सुकेशनीलाही तो परका वाटत होता. आंघोळ कर म्हणून सांगावं लागे. काही विचारलं तर नुसतं 'हूं'. पितोय की काय, म्हणून तिनं तोंडाचा वासही घेऊन पाहिला. सकाळी डोकं दुखून उलटी व्हायची, ते पित्त समजून सोडून दिलं.

मग एकदा भर बाजारात त्याला फिट आली. नांदेडला स्कॅन झालं.

"गाठ कॅन्सरची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कपाळामागं, मेंदूच्या आवरणावर सावकाश वाढलीय. पण तिच्याभोवती मेंदूला फार सूज आहे. त्यानंच माणूस असा थंड पडतो."

"म्हंजी ह्यांचा सोभाव न्हाई हा?"

"नाही."

सूज उतरायची इंजेक्शनं सुरू झाली. दोन-तीन दिवसांनी चहा घेताना त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"सुकेशनी, दादा गेला ना गं?"

"व्हय."

"मी तिथंच होतो. समदं कळायलं होतं. पण काईच वाटंना." आणि तो हमसून हमसून रडायला लागला. शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले. सुकेशनीनं त्याला गप्प केलं नाही.

ऑपरेशन सिकंदराबादला, रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यात झालं. गाठ निघाली, पण सूज पुन्हा चढली. उजवा हात उचलेना, शब्द अडकायला लागले. आपला माणूस परत हरवतोय, या भीतीनं सुकेशनी त्याच्याशी सारखी बोलत राहिली. हळूहळू सूज ओसरली. हात मात्र अजून थोडा जड आहे.

घरी आल्यावर तो मालनबाईकडे गेला. तिला सगळं कळलं होतं.

"तुमचं दुखणं खरं हाय, भावजी," ती म्हणाली. "पण तवा मी एकटीच रडले, तेबी खरंच हाय."

सिद्धोधन तिथंच बसून राहिला. तिनंही त्याला जा म्हटलं नाही.