माझ्या खुणेवर बावड्याचे विनोद

ये, मनानं का होईना, अशी जवळ सरक, आणि आधी माझं ऐकून घे. रुसायचं वय आहे का गं आपलं? तू तिकडं निरवांगीत तोंड फिरवून बसलीस, फोन उचलेनास, आणि मी इथं बारामतीत, तुला उत्तर दिलंय म्हणून निवांत.

तू फोन घेत नाहीस म्हणून हे छापायला देतेय, तर वाचणाऱ्यांनाही सांगते, नाहीतर म्हणतील म्हातारी काय बरळते. आम्ही चार हौशी माणसं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर फळा चालवतो. चावडीवर असतो तसाच, फक्त घरी बसून लिहायचा. एकाचा मजकूर कळंबच्या फळ्यामार्फत बाकीच्यांकडं जातो. प्रत्येक निरोपावर खूण असते, फळ्याचा पत्ता आणि पुढं एक आकडा. एका खुणेचा निरोप कळंबला पोचला, की त्याच खुणेचा दुसरा आला तर तिथला फळा त्याला जुनाच समजतो आणि गुपचूप टाकून देतो. म्हणून खूण परत वापरायची नाही. एवढंच शास्त्र. मी ते चुकतमाकत माझं मीच शिकले.

तू तुझ्या निरवांगीच्या फळ्यावरून मला विचारलंस, "हितं कुणी लिहीत न्हाय. पोरगा म्हणतोय मशीन भंगारात घाल. घालू का?" मी त्याच संध्याकाळी लांबलचक लिहिलं, घालू नको म्हणून. ते तुला मिळालंच नाही. तू फळा बंद केलास.

आणि हे केलं कुणी, तर बावड्याच्या त्या दिवट्यानं. मोटारपंपाचं दुकान, तोंड पंपापेक्षा मोठं. त्यालाही फळा काढायचा होता. पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडं आला. मी बजावलं, "प्रोग्राम ने, पण पत्ता तुझा घाल, आकडा पहिल्यापासून लाव."

"व्हय व्हय काकू, हितं काय शिकवायचंय."

शेजारणीकडून विरजण आणावं तसं त्यानं सगळं उचललं. विरजण आणलेल्या वाटीवर शेजारणीचं नाव कोरलेलं असतं, वाटी परत करायची असते, हे बायकांना कळतं. यानं माझा पत्ता आणि चालू आकडा, दोन्ही तसेच ठेवले. बदललं काय, तर वरची पाटी. त्यावर लुकलुकणारे दोन ट्रॅक्टर.

बावड्याला एका लग्नाला गेले, तर हा मला ओढत दुकानात घेऊन गेला, फळा दाखवायला. बघते तर त्याच्या प्रत्येक शुभसकाळीखाली माझा पत्ता.

"ही खूण कुणाची रे?"

"ती व्हय? ती आपोआप पडतीया. तुमचंच हाय, चांगलंच आसंल."

"अरे, माझ्या नावाच्या वाटीत तुझं दही गावभर वाटतोयस. माझं खरं पत्र कळंबला खोटं ठरतंय."

"दोघांची एकच खूण आसली तर काय बिघडलं, काकू? आपली गावं काय लांब हायेत व्हय?"

असल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा बंद मोटारीशी घातलेला बरा. त्याच्याच खुर्चीत बसून मी पत्ता बदलून टाकला. घरी येऊन आकडे ताडून पाहिले. तुला लिहिलेल्या उत्तराची जी खूण, तीच त्याच्या नवराबायकोच्या एका पाणचट विनोदाची. तो कळंबला आधी पोचला. माझं काळीज तिथं कचऱ्यात गेलं, आणि तुझ्या पदरात तो विनोद पडला. तुला वाटलं असणार, मी हिला एवढं विचारलं आणि हिला बोलावंसंही वाटलं नाही.

आता त्याचे विनोद त्याच्या स्वतःच्या खुणेनं येतात. कुणी वाचत नाही, ते वेगळं.

उत्तर नवी खूण घालून परत धाडलं असतं, पण घ्यायला तुझा फळाच नाही. आता ते तोंडानंच सांगायचं राहिलंय. मशीन अजून घरात असलं तर पोराच्या हाती लागू देऊ नकोस. गेलं असलं तर जाऊ दे, माझ्याकडं एक जादा आहे. तू मात्र ये बाई, या बाजारच्या दिवशीच ये, आणि राहायच्या तयारीनं ये.