चिकूचं ड्रेसिंग

सासरे, म्हणजे आमचे पप्पा, चिकूच्या वाडीत चक्कर येऊन पडले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं मीठ जवळजवळ बंदच केलं. ब्लडप्रेशर पुन्हा असं चढलं तर जिवावर बेतेल, हे त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर बजावलं. पप्पांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन अळणी आमटीचं ताट बाजूला सारलं. आठ दिवस हाच प्रकार चालला. सासूबाई रडकुंडीला आल्या. मला रडू येत नाही, राग येतो.

ही गोष्ट २०१६ च्या थंडीतली. लग्न होऊन घोलवडला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मी ठाण्याची, चिकू माझ्या ओळखीचा, तो हातगाडीवरचा. पण मोबाइलवर बघून मी ठरवलं, पप्पांना सॅलड द्यायचं आणि त्यावर फळाचं असं आंबटगोड ड्रेसिंग घालायचं, की मिठाची आठवणच होऊ नये.

गंजाडहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईंकडून कोवळा पालक, काकड्या, ढोबळी मिरची आणि मुळ्याचा पाला घेतला. फळ शोधायला लांब जायचं नव्हतं. पॅकिंगच्या शेडमध्ये धुऊन पुसून ठेवलेले चकचकीत चिकू होते. त्यातले चार उचलले, लिंबू, आलं आणि मिरपूड घालून मिक्सरमधून काढले. मिक्सर जरा कुरकुरला, पण मी लक्ष दिलं नाही.

पप्पांनी दोन घास खाल्ले आणि गप्प झाले. मला वाटलं, आवडलं. मग मी चव घेतली. जीभ टाळूला चिकटली, ओठ डिंक लावल्यासारखे झाले. पप्पा गप्प होते कारण त्यांना तोंड उघडवत नव्हतं.

खोबरेल तेलाने ओठ पुसता पुसता ते इतके हसले की सासूबाई धावत आल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आमच्याकडे चिकू झाडावर पिकू देत नाहीत. कच्चा उतरवतात, वरचा भुसा जावा म्हणून धुतात आणि तसाच ट्रकने पाठवतात. चीक आतच असतो. तो वाटेत मुरतो, फळ पोचेपर्यंत मऊ होतं. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, सुनेला नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी स्वतः पेटीतले डझनभर मोठे चिकू निवडून पेंढ्यात दडपले. माल पाठवायचा सोडून हे काय, असं सासूबाईंनी विचारलं, तर ते पेंढा दाबत राहिले. चौथ्या दिवशी चिकू मऊ झाले. या वेळी ड्रेसिंग झकास जमलं, लिंबाने गोडव्याला धार आली. पप्पांनी वाडगा पुसून खाल्ला आणि विचारलं, एवढा हट्ट कशापायी.

तेव्हा मी सांगितलं. माझ्या बाबांनाही मीठ बंद होतं. ते लपून खायचे आणि मला ते दिसायचं. एवढ्यासाठी कशाला मन मारायचं, असं म्हणून मी गप्प बसले. मी बारावीत असताना ते गेले.

पप्पा उठून शेडमध्ये गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लोणच्याची अर्धी रिकामी बाटली होती. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"ही फेकून दे, बाय. आणि उद्या पालक जरा जास्त घे."