टाइल्स न फोडणारा इलेक्ट्रिशियन

आई स्तोत्र म्हणत आंघोळ करते, म्हणून तेव्हा पायात चप्पल घालत नाही. खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि बायको मात्र रबरी चपलेशिवाय बाथरूममध्ये पाऊल ठेवत नाही. फरक एवढासाच, पण तो फार महागात पडला असता.

एका सकाळी आई म्हणाली, "अरे, गरम पाण्याच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात."

"शुगर आहे ना तुला, त्याने येतात," असं म्हणून मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा मी आत जाऊन नळ धरला. बायकोनेही धरला. काहीच नाही. आईने पुन्हा विषय काढला नाही. चारेक दिवसांनी तिचं स्तोत्र मध्येच तुटलं आणि तांब्या खाली आदळला. मी दारावर धडाधड थापा मारल्या. "आहे रे, आहे," ती म्हणाली, पण नळ तसाच वाहता ठेवून बाहेर आली. मी घाबरलो. गिझर बंद केला आणि पाणी गॅसवर तापवायला लागलो.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच इलेक्ट्रिशियनला सगळ्यांचे अंगठे असतात. आमचा गिझर त्यानेच बसवला होता. अर्ध्या तासात हजर झाला, चपलांसकट बाथरूममध्ये गेला, गिझर लावून नळाला टेस्टर टेकवला, हातही फिरवला.

"टेन्शन नका घेऊ सर, काय नाय. आजीला डॉक्टरकडे न्या."

"एवढे लोक चांगला म्हणतात त्याला, तूच एकटा शहाणा का?" बायको म्हणाली. मलाही तेच हवं होतं. पण तो तांब्याचा आवाज कानातून जाईना. शेवटी बेलापूरच्या ऑफिसातल्या करावे गावच्या एका सहकाऱ्याने तिथल्या म्हाताऱ्या वायरमनचा नंबर दिला.

"बोर्ड खोलाया लागतील. भिंत फोराया लागली तर चालल ना?" म्हाताऱ्याने फोनवर विचारलं.

"टाइल्स नव्या आहेत हो," मी म्हणालो.

"मंग मी नाय येत."

इतकं सरळ 'नाही' मला कुठल्याच कारागिराने म्हटलं नव्हतं. माझ्या भीतीला ते बरं वाटलं. मी त्याला या म्हटलं.

त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि मला काही न विचारता आईसमोर बसला. "आजी, तुमी आंघोल अनवानी करता काय?"

"देवाचं म्हणताना चप्पल कशी घालू?"

त्याने वळून माझ्या पायांकडे पाहिलं. मी निळी रबरी चप्पल घालून उभा होतो.

मग त्याने मेन बंद करून गिझरचं सॉकेट उघडलं आणि आतला बोटभर वायरचा तुकडा मला दाखवला. "अर्थिंग हितवर आलीच नाय. तिची पिन न्यूट्रलला, म्हंजे करंट परत नेनाऱ्या वायरलाच, जोडून ठेवलंय. ह्यो न्यूट्रल ढिला हाय, म्हनून अनवानी पायाला मुंग्या. सुटला असता तं सगला करंट नलात. आजी गेली असती. कोनी केलं ह्ये?"

गिझर बसवताना आमचा तो हसतमुख इलेक्ट्रिशियन स्वतःहून म्हणाला होता, "सर, अर्थिंग ओढायला तीन टाइल्स फोडाव्या लागतील." आणि मी म्हणालो होतो, "छे छे, काहीतरी अ‍ॅडजस्ट कर." त्याने केलं. एकही टाइल फुटली नाही, म्हणून ग्रुपवर त्याचं नाव सगळ्यात आधी मीच टाकलं होतं. पुढच्या चार घरांनी ते वाचूनच त्याला बोलावलं. वायरमन आला त्याच संध्याकाळी मी त्या चारही घरी जाऊन गिझर बंद ठेवायला सांगून आलो.

तीन टाइल्स फुटल्या. तिथे आता सिमेंटचा पट्टा आहे. म्हाताऱ्याने मीटर लावून सगळं ठीक असल्याचं दाखवलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या आधी मी आत शिरलो. गिझर लावला, चप्पल काढली आणि ओल्या लादीवर उभा राहून नळाकडे हात नेला.

दारातून आई ओरडली, "अरे, थांब! आधी चप्पल घाल."